जर्मनीतली जुनी शहरं: दोन मुक्काम आणि एका आठवड्याचा बेत

जर्मनीच्या सहलीचा बेत करताना बहुतेक जण नकाशा उघडून ठिपके जोडत बसतात: बर्लिन, म्युनिक, कलोन, हायडेलबर्ग. दहा दिवसांत सात शहरं. मग निम्मा वेळ बॅगा ओढण्यात जातो आणि घरी आल्यावर कुठलं चर्च कुठल्या गावातलं, हे फोटो बघूनही आठवत नाही. इतिहास आणि कला बघायला जात असाल, तर एकच प्रदेश निवडा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. माझी निवड पूर्वेकडची: लाइपझिग, ड्रेस्डेन, नाउम्बुर्ग, एरफुर्ट आणि वायमार. सगळी एकमेकांपासून रेल्वेने तास-दोन तासांवर आहेत.

आधी तारखा, मग तिकीट

मे, जून आणि सप्टेंबर हे उत्तम महिने. जूनमध्ये लाइपझिगला बाख या संगीतकाराच्या रचनांचा महोत्सव असतो आणि मार्चमध्ये पुस्तकमेळा. त्या दिवसांत खोल्या महागतात, म्हणून तारखा बघूनच ठरवा. डिसेंबरात ड्रेस्डेनचा नाताळबाजार भरतो. तो 1434 पासूनचा आहे. पण तेव्हा दुपारी चारलाच अंधारून येतं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं अवघड जातं, त्यामुळे थांबू नका. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा लागतो.

मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे. तिथून लाइपझिग वेगवान गाडीने साधारण तीन तासांवर. या गाडीचं स्वस्त तिकीट त्याच एका गाडीपुरतं असतं. विमानाला उशीर झाला तर ते वाया जातं, म्हणून जाताना थोडं महाग पण कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट घ्या. परतीचं स्वस्तातलं चालेल, फक्त मध्ये भरपूर वेळ सोडा.

रोजच्या प्रवासाची किल्ली

झाक्सेन-तिकीट हे नाव लक्षात ठेवा. एका दिवसाचं हे तिकीट झाक्सेन, थ्युरिंगेन आणि झाक्सेन-आनहाल्ट या तिन्ही राज्यांत चालतं, आणि एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो. चौघांचं कुटुंब असेल तर दर माणशी खर्च फारच कमी पडतो. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच लागू होतं, शनिवार-रविवारी ही अट नाही. चालतं फक्त प्रादेशिक गाड्यांना; नावापुढे आयसीई किंवा आयसी असलेल्या गाडीत चढू नका. जर्मन रेल्वेच्या अ‍ॅपमध्ये फक्त प्रादेशिक गाड्या दाखवण्याची सोय आहे, ती सुरू करून ठेवा. तिकिटावर नावं लिहायलाही विसरू नका.

वारांचं गणित

या बेताचा सगळा डोलारा वारांवर उभा आहे. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. रविवारी दुकानं बंद आणि सकाळी चर्चमध्ये प्रार्थना. म्हणून गुरुवारी लाइपझिगला पोहोचा आणि तिथे चार रात्री काढा.

शुक्रवार शहरासाठी. सकाळी निकोलाई चर्च बघा. आतले खांब वर जाऊन ताडाच्या झावळ्यांसारखे उमलतात, पांढऱ्या, फिकट हिरव्या आणि गुलाबी रंगांत. दर सोमवारच्या इथल्या प्रार्थनांतूनच पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्धचे 1989 चे मोर्चे निघाले. 9 ऑक्टोबरला सुमारे 70,000 माणसं शांतपणे रस्त्यावर उतरली आणि महिनाभरात बर्लिनची भिंत पडली. संध्याकाळी सहाला थॉमस चर्चमध्ये जाऊन बसा. बाख इथे 1723 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1750 पर्यंत, संगीतप्रमुख होता. ज्या मुलांना तो शिकवायचा त्यांचा गायकवृंद 1212 पासूनचा आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी व शनिवारी दुपारी तीनला आजही गातो. शाळेच्या सुट्टीत मुलं नसतात, तेवढं वेळापत्रक बघून घ्या. लवकर जा. गाणं संपल्यावर पुढे वेदीपाशी जमिनीत बाखच्या नावाचा ब्राँझचा पत्रा दिसेल, त्यावर बहुधा कुणीतरी फुलं ठेवलेली असतात.

शनिवारी ड्रेस्डेन. फ्राउएनकिर्शं हे चर्च फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बवर्षावानंतर कोसळलं आणि 2005 मध्ये पुन्हा उभं राहिलं. भिंतीवरचे काळपट दगड जुन्या चर्चचे, ढिगाऱ्यातून निवडून काढलेले. पिवळसर ते नवे. घुमटावरचा क्रॉस घडवणारा ब्रिटिश सोनार ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या एका वैमानिकाचा मुलगा होता. ग्रीन व्हॉल्ट म्हणजे झाक्सेनच्या राजांचा खजिना; त्याच्या ऐतिहासिक दालनांचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते घरूनच काढून ठेवा.

रविवारी दुपारी नाउम्बुर्गचं कॅथेड्रल. पश्चिमेकडच्या दालनात तेराव्या शतकातले बारा दगडी पुतळे आहेत. त्यांतल्या उटा या सरदारपत्नीच्या पुतळ्यासमोर थांबा. तिने अंगरख्याची कॉलर गालापर्यंत ओढून घेतली आहे, आणि कापडाची ती ओढ दगडात उतरली आहे.

सोमवारी सामानासकट वायमारला हला. बॅगा हॉटेलात टाकून पाव तासावरच्या एरफुर्टला जा. तिथल्या 1325 च्या दगडी पुलावर दोन्ही बाजूंनी घरं आहेत, आणि त्यांत आजही माणसं राहतात. गल्ल्यांतून फिरायला सोमवारची अडचण येत नाही. लाइपझिगच्या किंवा वायमारच्या रस्त्यात पायाखाली दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसले तर वाका आणि वाचा. नाझींनी त्या घरातून उचलून नेलेल्या माणसाचं नाव आणि जन्मसाल त्यावर असतं.

मंगळवारी जर्मन कवी गटेचं घर. सुमारे पन्नास वर्षं तो वायमारच्या या घरात राहिला, 1832 मध्ये इथेच वारला. ‘शाकुंतल’चा जर्मन अनुवाद 1791 मध्ये आला तेव्हा भारावून जाऊन त्याने त्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. संस्कृतच्या वर्गात ते नाव ऐकलेल्या आपल्यासारख्यांना या खोल्यांत परकं वाटत नाही.

जेवणाचं एवढंच: शाकाहारी असाल तर ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ म्हणा, म्हणजे मांस नको आणि डुकराच्या मांसाचे तुकडेही नकोत. हे दुसरं न सांगितल्यास परतलेल्या बटाट्यांतही ते सापडतात. कार्टोफेलपुफर म्हणजे बटाट्याच्या किसाची थालीपिठं, सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर मुलंही आवडीने खातात.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर तो डेसाऊला द्या. बाउहाउस या कला आणि वास्तुरचनेच्या शाळेची 1926 ची इमारत तिथे आहे, आणि पुण्या-मुंबईच्या भवनांना ज्याचं नाव आहे तो मॅक्स म्युलर 1823 मध्ये तिथेच जन्मला.

बुधवार बुखेनवाल्डसाठी राखून ठेवा. गटे आणि शिलर या कवींच्या गावापासून जेमतेम दहा किलोमीटरवर ही छळछावणी होती. वायमारहून शहर बस जाते, प्रवेश मोफत आहे. फाटकावरचं घड्याळ सव्वातीनवर थांबवलेलं आहे, 11 एप्रिल 1945 च्या सुटकेच्या वेळेवर. आतल्या मैदानात जमिनीलगत धातूचा एक चौकोन आहे. वर्षभर, बर्फातसुद्धा, तो 37 अंशांवर ठेवतात, माणसाच्या अंगाइतका गरम. खाली बसून त्यावर हात ठेवा. त्या दिवशी संध्याकाळचं काहीही ठरवू नका.