ठोकलेली जुनी पिकअप दुरुस्त करायची की सोडून द्यायची? या चुका टाळा

नवा मडगार्ड बसला, हेडलाइट बसला, बंपरही बसला, पण बॉनेट काही केल्या बसेना. उजवीकडे बोट जाईल एवढी फट आणि डावीकडे पत्र्याला पत्रा घासतोय. दोन तास बिजागऱ्या सैल-घट्ट करून झाल्यावर मी गाडीखाली शिरलो आणि टॉर्च मारला. पुढच्या सस्पेन्शनच्या जरा मागे, डाव्या बाजूच्या चासीला, म्हणजे अख्खी गाडी ज्यावर उभी असते त्या लोखंडी सांगाड्याला, घडी पडली होती. त्या घडीवरच्या रंगाला बारीक तडे गेले होते आणि तड्यांत ताजा तांबूस गंज होता. पार्ट तर सगळे विकत घेऊन झाले होते. शेवटी ती गाडी सुट्ट्या पार्टच्या भावातच द्यावी लागली.

तेव्हापासून स्वस्तात मिळणारी ठोकलेली पिकअप कोणी दाखवली, की मी आधी खाली वाकतो. बहुतेक जुन्या पिकअपमध्ये केबिन आणि मागचा हौदा हे चासीवर बोल्टने बसवलेले वेगवेगळे भाग असतात. त्यामुळे चेपलेला पत्रा कितीही भयानक दिसला तरी तो काढून दुसरा लावता येतो. चासीचं तसं नाही. इंजिन, स्टिअरिंग, चाकं, हौदा या सगळ्यांची जागा तीच ठरवते.

पहिली चूक: मापं न घेता पार्ट आणणं

सगळ्यात जास्त पैसा इथे बुडतो, आणि मापं घ्यायला लागतं काय, तर ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन), खडू, मोजपट्टी आणि एक मदतनीस. गाडी सपाट फरशीवर उभी करा, चारही टायरमध्ये हवा बरोबर भरा. चासीवर डावी-उजवीकडे जोडीने येणारी छिद्रं किंवा बोल्ट निवडा. पुढच्या टोकाला, केबिनखाली, हौद्याखाली आणि मागच्या टोकाला अशा तीन-चार जोड्या पुरेत. प्रत्येक ठिकाणाहून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खूण करा आणि गाडी ढकलून बाजूला घ्या.

आता फरशीवर चासीचा नकाशाच उमटलेला असतो. पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजव्या खुणेपर्यंत मोजा, मग उलट कर्ण मोजा. दोन्ही मापं सारखी हवीत. तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर तो ओळंब्याच्या हेलकाव्याचा फरक असू शकतो. सेंटीमीटरभर फरक आला, तर चासी हललेली आहे असंच धरा. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतरही दोन्ही बाजूंना मोजा. दोन्हीकडे सारखं भरलं नाही, तर काहीतरी जागेवरून सरकलं आहे.

फरशीवरच्या या मापांतून चासीचा पीळ मात्र कळत नाही. त्यासाठी गाडीच्या मागे दहा-बारा पावलं लांब उभं राहून बघा. केबिन आणि हौदा यांच्यातली फट वर एक आणि खाली एक दिसते का? हौदा एका अंगाला कललेला वाटतो का? गाडी सुरक्षितपणे चालवता येत असेल, तर ओल्या फरशीवरून कोरड्यावर सरळ रेषेत, अगदी हळू आणा आणि चाकांचे ठसे बघा. मागच्या चाकाचा ठसा पुढच्याच्या जितका आत किंवा बाहेर डावीकडे पडतो, तितकाच उजवीकडेही पडला पाहिजे. तसा पडत नसेल, तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आहे.

दुसरी चूक: प्रत्येक तिरकेपणाचं खापर चासीवर फोडणं

चांगल्या गाड्या यापायी भंगारात जातात, याचं मला फार वाईट वाटतं. मागच्या पाट्यांचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचा, सेंटर बोल्ट धक्क्याने तुटला, की अख्खा ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आस) एका बाजूने मागे सरकतो. चाक मडगार्डच्या मधोमध न दिसता मागे गेलेलं दिसतं आणि बघणारा म्हणतो, 'चासी गेली.' प्रत्यक्षात एक बोल्ट बदलून, ॲक्सलला पाट्यांशी बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळून काम भागतं. केबिनखालचे रबर माउंट फाटले तरी केबिन कलते. स्टिअरिंग सरळ धरल्यावर चाकं वाकडी दिसत असतील, तर आधी टाय रॉड, लोअर आर्म आणि नकल हे चाकाला धरणारे आणि वळवणारे भाग तपासा.

इंजिन फिरतंय पण सुरू होत नाही, हीसुद्धा अशीच एक तक्रार. काही गाड्यांत धक्का बसताच पेट्रोलचा पंप बंद करणारा स्विच असतो. कुठून गळती नाही, पेट्रोलचा वास नाही, याची खात्री करा आणि मगच त्याचं बटण परत दाबा.

तिसरी चूक: 'जरा चालू करून बघू'

पुढून ठोकलेल्या गाडीत रेडिएटर मागे येऊन पंख्याला टेकलेला असतो, नाहीतर त्यातलं पाणी केव्हाच गळून गेलेलं असतं. तशीच चालवत गॅरेजपर्यंत नेली, की इंजिन तापतं, हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं, त्याखालचं गॅस्केट जातं. एवढा वेळ पत्र्याचं असलेलं नुकसान इंजिनात शिरतं. टो करून न्या. विकत घेत असाल, तर आधीच्या मालकाने धडकेनंतर गाडी किती चालवली हे विचारा आणि ऑइलची कांडी काढून बघा. दुधाळ ऑइल दिसलं, तर पाणी ऑइलमध्ये मिसळलंय. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्यांवर टेकतात ते माउंट, तसंच गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडावरचे तडे बघायलाही विसरू नका.

चासी वाकलीच असेल तर

सौम्य वाक असेल, तर चासी घट्ट बांधून हायड्रॉलिकने ओढून सरळ करणाऱ्यांकडे काम होतं. घडी, चीर किंवा आतून कुरतडणारा गंज असेल, तर माझ्या मते त्या गाडीचा नाद सोडावा. गंज ओळखायला हातोडीने टकटक करत जा. निरोगी लोखंड खणखणतं, गंजलेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे पडतात. गॅसने लाल करून वाकवलेल्या चासीवर मी माझ्या घरच्या कोणाला बसवणार नाही. बेसुमार तापवलेलं लोखंड तिथेच कमकुवत होतं, आणि पुढच्या धडकेत आधी तेच दुमडतं.

हिशोब कशाशी करायचा

'एवढ्या स्वस्तात मिळाली' हा विचार आधी डोक्यातून काढा. दिलेले पैसे गेले. दुरुस्तीचा आकडा लावून बघायचा तो तशाच मॉडेलच्या, न ठोकलेल्या, चालू गाडीच्या भावाला. दुरुस्तीच्या आकड्यात आजच्या अवस्थेत ती विकून जे येईल, तेही मिळवा, कारण दुरुस्त करताना ते पैसे तुम्ही सोडताय. पत्रा उघडण्याआधी दिलेल्या अंदाजावर मी निदान चौथा हिस्सा वाढवून धरतो. धडकेचा ताण सोसलेले सीटबेल्ट बदलायचेच. एअरबॅग उघडल्या असतील, तर त्यांचा, सेन्सरचा आणि कंट्रोल युनिटचा खर्च धरल्यावर जुन्या गाडीचं गणित बहुतेक वेळा तिथेच संपतं. कागदांवर गाडी विमा कंपनीने दुरुस्तीपलीकडची ठरवून निकालात काढल्याची नोंद आहे का, तेही पैसे देण्याआधी बघा. पुढे रस्त्यावर आणताना आणि विकताना ती नोंद आड येते.

गाडी तुमचीच असेल आणि तिचं इंजिन, गिअरबॉक्स तुम्ही वर्षानुवर्षं सांभाळलेलं असेल, तर पारडं थोडं दुरुस्तीकडे झुकू द्या. बाजारातून येणाऱ्या दुसऱ्या जुन्या गाडीच्या पोटात काय आहे, हे तुम्हाला माहीत नसतं.

दुरुस्तीचं ठरलं, तर आधी चासी, मग स्टिअरिंग आणि ब्रेक, मग रेडिएटर. मडगार्ड आणि बॉनेट त्यानंतर, भंगारातल्या त्याच मॉडेलचे, रंग वेगळा असला तरी चालेल. बोल्ट सैल ठेवून बॉनेट टेकवा, दोन्हीकडच्या फटी बोटाने चाचपा. सारख्या लागल्या की आवळायला घ्या.