मास्कमधून हवा गळते? आधी पट्टे सैल करा

झोपेत श्वास अडकणाऱ्यांना (स्लीप ॲप्निया) मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन घरात आलं की पहिल्याच आठवड्यात दोन तक्रारी ठरलेल्या. हवा डोळ्यांत जाते, आणि श्वास बाहेर टाकताना कोंडल्यासारखं होतं. मग घरातला प्रत्येकजण तज्ज्ञ होतो. मला मिळालेले सल्ले असे: पट्टा आवळ, नाकाखाली कापूस ठेव, मास्कच्या भोकांना चिकटपट्टी लाव, आणि शेवटी "राहू दे गं, घोरतं कोण नाही!" आठ वर्षं मी रोज रात्री मास्क लावून झोपते आहे. नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांचे मास्क बसवूनही दिलेत. वरचे चारही सल्ले चुकीचे आहेत, आणि एक तर धोक्याचा आहे.

झोपेची तपासणी झाली आहे, डॉक्टरांनी प्रेशर ठरवून दिलं आहे आणि मशीन चालू कसं करायचं ते तुम्हाला माहीत आहे, असं धरून पुढचं लिहिते.

आधी गळती आहे का ते बघा

प्रत्येक मास्कला मुद्दाम ठेवलेली बारीक भोकं किंवा फटी असतात. तुम्ही सोडलेला श्वास, त्यातल्या कार्बन डायऑक्साइडसकट, तिथून बाहेर जातो. तिथे हात धरला तर मंद, एकसारखी झुळूक लागते. ती गळती नव्हे. ती भोकं कधीही बुजवायची नाहीत. धोक्याचा सल्ला म्हणाले तो हाच. खरी गळती मास्कच्या कडेने होते: डोळ्यांकडे, गालावर, ओठांजवळ. फुर्रर्र असा आवाज येतो, कधी अगदी मांजराने गुरगुरल्यासारखा.

मशीन सकाळी गळतीचा आकडाही दाखवतं. रेसमेड कंपनीच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरपर्यंत चालतं. फिलिप्सच्या काही मशीनवर भोकांतून जाणारी हवाही त्या आकड्यात धरलेली असते, म्हणून शेजाऱ्यांच्या आकड्याशी स्वतःचा ताडून बघत बसू नका.

चेहरा आणि कुशन

झोपण्याआधी तोंड साबणाने धुवा, कुशन (मास्कची चेहऱ्याला टेकणारी सिलिकॉनची गादी) रोज सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा. स्पिरिट, डेटॉल नको. रात्री क्रीम किंवा खोबरेल तेल चेहऱ्यावर नको, सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराब होतं. डोक्याला तेल लावायचंच असेल तर सकाळी लावा. अंबाडा मागच्या पट्ट्याखाली येतो आणि मास्क वर ढकलतो, म्हणून मी सैल वेणी घालून पुढे घेते. आणि बायकांना कोणीच न सांगितलेली गोष्ट: चमकी. नाकाचा मास्क असेल तर चमकीवर कुशन टेकतं आणि तिथूनच हवा निघते. रात्री काढून ठेवा. पुरुषांनी दाढी ठेवायची तर नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क मागावा, दाढीवरून मोठ्या मास्कचं सील नीट बसत नाही.

मास्क बसवणं: इथेच सगळे चुकतात

मीही चुकले. माझा पहिला मास्क विक्रेत्याने मला खुर्चीत बसवून, मशीन बंद ठेवून चढवला. माप नजरेनेच घेतलेलं. घरी आडवी झाले आणि पंधरा मिनिटांत डावा डोळा पाण्याने भरला. मी पट्टा आवळला. हवा उजवीकडून निघाली. उजवा आवळला. तीन आठवडे हाच खेळ. शेवटी नाकाच्या हाडावर जखम झाली, डोळे सकाळी लाल, आणि गळतीचा आकडा पहिल्या रात्रीपेक्षा जास्त! झोपेच्या तपासणीच्या केंद्रातल्या एका मुलीने मला बाकावर आडवं केलं, चारही पट्टे सोडले, आणि म्हणाली, "काकू, हे कुकरचं झाकण नाही."

झालं काय होतं ते तेव्हा कळलं. बहुतेक कुशनना दोन थर असतात. त्वचेकडचा पातळ पापुद्रा हवेने फुगतो आणि चेहऱ्याला चिकटतो, सील तो करतो. पट्ट्यांचं काम फक्त मास्क जागेवर धरायचं. तुम्ही आवळलं की पापुद्रा चेपतो, त्याला घडी पडते आणि त्या घडीतून हवा सुटते. म्हणून जितकं आवळाल तितकं गळेल.

आता करायचं असं. ज्या उशीवर, ज्या कुशीवर झोपता तसेच आडवे व्हा. बसून केलेल्या फिटिंगचा काही उपयोग नाही, कारण आडवं झालं की गालाचं मांस सरकतं आणि चेहऱ्याचा आकारच बदलतो. सगळे पट्टे सैल. मशीनवर 'मास्क फिट' असा पर्याय असेल तर तो लावा, म्हणजे थोडा वेळ पुरेसं प्रेशर मिळतं. नसेल तर रॅम्प (प्रेशर कमीपासून सावकाश चढवणारी सोय) बंद करून मशीन चालू करा. कमी प्रेशरवर छान बसलेला मास्क रात्री दोन वाजता, प्रेशर वाढल्यावर, हमखास सुटतो.

नाक-तोंड झाकणारा मास्क असेल तर तोंड किंचित उघडं ठेवा, कुशनची खालची कड आधी खालच्या ओठाखाली टेकवा आणि मग मास्क वर नाकाकडे न्या. आता खालचे दोन पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढा, मास्क टेकेल इतकेच. मग वरचे. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

हवा सुटतेय? पट्ट्याला हात लावू नका. मास्क चेहऱ्यापासून सरळ पुढे, अर्धा इंच, ओढा. कुशन फुगू द्या आणि हळूच परत टेकवा. दहापैकी आठ वेळा माझं काम इथेच होतं. तरी डोळ्याकडे हवा येत असेल तर खालचे पट्टे थोडे सैल करून पाहा, खालून ताण जास्त झाला की वरची कड उचलली जाते. त्यानेही नाही जमलं तरच वरचा पट्टा, एकावेळी अगदी नखभर. मग डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर वळून पाहा.

जमलं की पट्ट्यावर मार्कर पेनने खूण करा आणि पुढे मास्क क्लिप सोडूनच काढा. रोज पट्टे उघडले तर रोज हीच कसरत. मात्र क्लिपमध्ये लोहचुंबक असेल आणि तुम्हाला, किंवा शेजारी झोपणाऱ्याला, पेसमेकर असेल तर तो मास्क वापरू नका, बिनचुंबकाचा मागा.

एवढं करूनही तीन-चार रात्री गळत असेल तर माप चुकलंय. सहसा मोठं दिलेलं असतं. चेहऱ्याचं माप घ्यायचा कागद मागा, बदलून घ्या, भीड धरू नका.

तोंड उघडं पडतं?

सकाळी जीभ लाकडासारखी कोरडी असेल तर नाकाच्या मास्कमधली हवा तोंडातून जातेय. आधी नाक चोंदलंय का बघा, सर्दीवर इलाज करा. हनुवटीचा पट्टा मला तरी निरुपयोगी वाटला, जबडा दुखला आणि ओठ उघडेच. नाक-तोंड झाकणारा मास्क हा सरळ उपाय. तोंडाला टेप लावायचा व्हिडिओ तुम्हालाही कोणीतरी पाठवेल. नाकावर मास्क, तोंडाला टेप, आणि त्यात मध्यरात्री लाइट गेली, एवढीच कल्पना करा.

प्रेशरचा त्रास

प्रेशर पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात, साधारण ४ ते २०. श्वास सोडताना कोंडत असेल तर श्वास सोडताना प्रेशर उतरवणारी सोय बहुतेक मशीनमध्ये असते. रेसमेडवर तिला ईपीआर म्हणतात, १ ते ३ असे टप्पे. ती चालू आहे का विचारा, अनेकांची बंदच असते.

रॅम्प म्हणजे कमी प्रेशरपासून सावकाश चढणं. पण इथे एक उलटी गोष्ट आहे: ४ वर पुष्कळांना हवा पुरत नाही, गुदमरतं, आणि ते म्हणतात प्रेशर जास्त झालं. तुम्ही लांब लांब श्वास ओढत असाल तर सुरुवातीचं प्रेशर वाढवायची गरज असू शकते. तसं डॉक्टरांना सांगा. मुख्य प्रेशर स्वतः बदलू नका, मशीनमधली नोंद घेऊन जा.

सवय दिवसा करा. मी संध्याकाळची मालिका मास्क लावून बघायचे, अर्धा तास. घरातले हसले, दहा दिवसांत विसरले.

पोट फुगून ढेकर येत असतील तर हवा गिळली जातेय. कुशीवर झोपा, उशी थोडी उंच घ्या, राहिलं तर प्रेशरबद्दल विचारा. नाक कोरडं पडलं तर ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारी मशीनची पाण्याची टाकी) वाढवा, डिस्टिल्ड पाणीच घाला. एसीमुळे नळीत पाणी साचून नाकावर थेंब आले तर नळीला कापडी गवसणी घाला.

कुशन पिवळं, चिकट किंवा ढिलं झालं की कितीही नीट बसवा, गळणारच. मी गुढीपाडव्याला एक आणि दसऱ्याला एक नवीन लावते. जुनं महिनाभर कपाटात ठेवते, प्रवासात फाटलं तर असावं म्हणून.