छोट्या व्हिडिओंवरून विज्ञान शिकण्याची पद्धत

पाच मिनिटांचा एखादा नेटका व्हिडिओ संपतो तेव्हा विषय पुरता कळला असे वाटते. मात्र तोच विषय दुसऱ्या दिवशी कुणाला समजावून सांगायची वेळ आली की दोन वाक्यांतच गाडी अडते. असे का होते, याचे एक उत्तर डेरेक म्युलर यांच्या सिडनी विद्यापीठातील २००८ सालच्या पीएच.डी. संशोधनात सापडते. भौतिकशास्त्राचा एकच विषय त्यांनी विद्यार्थ्यांना निरनिराळ्या धाटणीच्या व्हिडिओंतून दाखवला. काहींत सरळ, स्वच्छ विवेचन होते. काहींत आधी विद्यार्थ्यांचा नेहमीचा चुकीचा समज बोलून दाखवला जाई आणि मग त्याची उकल होई. पहिला प्रकार विद्यार्थ्यांना सोपा आणि स्पष्ट वाटला, पण चाचणीतले गुण जेमतेमच वाढले. दुसरा प्रकार गोंधळात टाकणारा वाटला, डोके जास्त चालवावे लागले आणि गुण मात्र चांगलेच वाढले. व्हिडिओ सुबोध असणे हे करणाऱ्याचे कसब आहे. ते पाहणाऱ्याच्या पदरात आपोआप पडत नाही. म्हणूनच पुढे सांगितलेली पद्धत मुद्दाम थोडी कष्टाची ठेवली आहे.

सुरुवात शोधपट्टीपासून नव्हे, वहीपासून करावी. ‘प्रकाश’ किंवा ‘ऋतू’ असा विषय लिहून उपयोग होत नाही. प्रश्न लिहावा आणि तो एकाच व्हिडिओत सुटेल इतका नेमका असावा. त्यानंतर, व्हिडिओ सुरू करण्याआधी, आपल्याला आज जे वाटते ते उत्तर दोन-तीन ओळींत लिहून टाकावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि खरे काम तर इथेच होते. उदाहरणार्थ, ‘उन्हाळा आणि हिवाळा का होतात?’ या प्रश्नाला पुष्कळ जणांच्या मनातले उत्तर असे असते की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते. हे उत्तर कागदावर उतरले की व्हिडिओतील एक तपशील लगेच खटकतो: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, उत्तर गोलार्धात हिवाळा असताना. आणि जुलैच्या सुरुवातीला ती सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर गेलेली असते. आपले उत्तर कोसळते आणि आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलाकडे आपण खऱ्या कुतूहलाने पाहू लागतो. उत्तर लिहिले नसते तर तोच आकडा कानावरून गेला असता आणि ‘हे तर मला ठाऊकच होते’ असे वाटून मूळ गैरसमज जागच्या जागी राहिला असता.

निवडीबाबत फार चोखंदळ होण्याची गरज नाही, पण दोन गोष्टी पाहाव्यात. निवेदक एखादी गोष्ट खरी असल्याचे नुसते सांगतो, की ती कशावरून कळली हेही दाखवतो? आणि पूर्वी झालेली चूक तो वर्णनात किंवा नव्या व्हिडिओत उघडपणे दुरुस्त करतो का? ऊर्जा न पुरवता अखंड फिरणाऱ्या चाकाचे व्हिडिओ कितीही पटण्याजोगे असले तरी बाजूला ठेवावेत. तिथे बहुधा कुठेतरी बॅटरी किंवा मोटर दडवलेली असते. लांबीचे म्हणाल तर २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचाच्या चार अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख वेळच्या पाहण्याच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा व्हिडिओ कितीही मोठा असला तरी निम्म्याहून अधिक वेळा लोक सहा मिनिटांच्या आतच थांबत असल्याचे दिसले. मोठे व्याख्यान वर्ज्य आहे असा याचा अर्थ नव्हे. ते तुकड्यांनी पाहावे, इतकेच.

पाहताना ऑटोप्ले बंद असावा, कारण पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला की मागच्यावर विचार करण्याची उसंतच उरत नाही. निवेदकाचे शब्द उतरवून घेत बसू नये. त्याऐवजी प्रयोगाचा निकाल दिसण्याच्या ऐन आधी व्हिडिओ थांबवावा आणि ‘आता काय होईल, आणि का?’ याचे उत्तर मोठ्याने द्यावे. वेग दीडपट करणे उजळणीला ठीक आहे. नव्या कल्पनेसाठी मात्र ती निव्वळ घाई ठरते.

व्हिडिओ संपल्यावर पडदा बंद करून, काहीही न पाहता, समजलेले आपल्या शब्दांत लिहावे आणि आकृती हाताने काढावी. जिथे हात अडेल तिथे खूण करून व्हिडिओचा तेवढाच भाग पुन्हा पाहावा. संपूर्ण व्हिडिओ पुन्हा पाहणे सोपे असते, पण त्यातून ओळख वाढते, आठवण वाढतेच असे नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हा फरक ठळकपणे दिसतो: पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते, तर आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा तोच प्रश्न काही दिवसांनी, आणि मग आणखी काही आठवड्यांनी, कोऱ्या पानावर पुन्हा सोडवावा.

चित्रांच्या बाबतीत वेगळी सावधगिरी लागते, कारण ॲनिमेशन समजावण्याच्या ओघात प्रमाण मोडते आणि ते मोडल्याचे सहसा सांगत नाही. सूर्य एक मीटर व्यासाचा मानला तर पृथ्वी जेमतेम ९ मिलिमीटरची होते आणि तिला सुमारे १०७ मीटर दूर ठेवावे लागते. असे चित्र कोणत्याच पडद्यावर मावणार नाही, म्हणून ग्रह फुगवले जातात आणि अंतरे आवळली जातात. तारेतून सुसाट धावणारे इलेक्ट्रॉन दाखवतात, पण नेहमीच्या घरगुती तारेत त्यांचा सरासरी पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी असतो. दिवा लगेच लागतो तो विद्युतक्षेत्र तारेभर फार झपाट्याने पसरते म्हणून. अवकाशातील तेजोमेघांचे रंगही अनेकदा नंतर ठरवून दिलेले असतात. प्रत्येक ॲनिमेशननंतर ‘यात आकार, अंतर, वेग आणि रंग यांपैकी काय बदलले आहे?’ असा प्रश्न वहीत लिहिण्याची सवय लावावी. माझ्या मते या एका सवयीचा उपयोग दहा नवे व्हिडिओ पाहण्यापेक्षा अधिक होतो.

सुट्या व्हिडिओंना क्रम नसतो. शिफारशींचा क्रम आपल्याला खिळवून ठेवण्यासाठी असतो, शिकवण्यासाठी नव्हे. क्रम एखाद्या पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून घ्यावा आणि प्रत्येक व्हिडिओ तिच्यातील योग्य प्रकरणाखाली नोंदवावा. रिकामी राहिलेली प्रकरणे, बहुधा गणिताची, पुस्तकातूनच करावी लागतील. तिथे व्हिडिओ पाहून भागत नाही. उदाहरणे सोडवावी लागतात.

जे मोजता येते ते मोजून पाहावे. विस्तव, मेन्सची वीज किंवा रसायने असलेले प्रयोग पाहण्यापुरतेच ठेवावेत. लंबकाला मात्र दोरा, एक जड नट आणि घड्याळ पुरते. दोऱ्याच्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंतची लांबी २५ सेंटिमीटर ठेवून, छोटा झोका देऊन, दहा आंदोलनांचा, म्हणजे दहा पूर्ण येरझारांचा, वेळ मोजावा. तो साधारण दहा सेकंद येईल. आता लांबी एक मीटर केल्यास किती येईल हे आधी लिहावे, मग मोजावे, आणि चाळीसऐवजी वीसच सेकंद का आले याचा स्वतः थोडा विचार केल्यावरच लंबकाचा व्हिडिओ उघडावा.