जंगलात राखा, मळ्यात धावा: डोंगर आणि द्राक्षबागांमधली अल्ट्रामॅरेथॉन

अर्धा मार्ग जंगलातल्या डोंगरांतून आणि अर्धा द्राक्षमळ्यांतून जात असेल, तर ती अल्ट्रा (मॅरेथॉनच्या ४२ किलोमीटरहून लांब शर्यत) नकाशावर दिसते त्यापेक्षा फसवी असते. जंगलात सावली असते, हवा गार असते, पाय ताजे असतात, त्यामुळे आपण किती जोर लावतोय ते कळतच नाही. मळ्यात सगळं उलट. रस्ता रुंद, चढ छोटे, पण डोक्यावर ऊन आणि पायाखाली टणक माती नाहीतर डांबर. तोवर उतारांनी मांड्या पिळून काढलेल्या असतात. शर्यत बहुतेकांची बिघडते मळ्यात, पण कारण तीन-चार तास मागे, जंगलात सापडतं.

आधी वेळेचा हिशोब करा. दर १०० मीटर चढाईला १ किलोमीटर धरून ती अंतरात मिळवायची, हे डोंगरी शर्यतींचं रूढ गणित आहे. ८० किलोमीटर आणि २८०० मीटर चढाई म्हणजे १०८ ‘श्रम-किलोमीटर’. सरावात ३० किलोमीटर आणि १००० मीटर चढाईला (म्हणजे ४० श्रम-किलोमीटरला) ५ तास लागले असतील, तर तुमचा वेग ताशी ८. त्या हिशोबाने साडेतेरा तास होतात. थकवा आणि थांबे यांचे १५ ते २० टक्के वाढवले की साडेपंधरा ते सोळा. हा आकडा प्रत्येक थांब्याच्या कट-ऑफशी, म्हणजे तिथे पोचायच्या शेवटच्या वेळेशी, ताडून बघा. अंधार कुठे गाठणार, कडक ऊन कुठे लागणार, हेही त्यातूनच समजतं.

सरावाला १६ ते २० आठवडे हवेत. एकाच दिवशी प्रचंड अंतर पळण्यापेक्षा शनिवारी डोंगरात ३० किलोमीटर आणि रविवारी थकलेल्या पायांनी २० किलोमीटर, हे जास्त उपयोगी पडतं. चढाचा सराव सगळेच करतात, उताराचा फार थोडे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावतो, त्यामुळे त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. हेच काम नियमित केलं की पुढच्या वेळी इजा कमी होते, म्हणून आठवड्यातून एकदा तीन-तीन मिनिटांचे सहा वेगवान उतार करा. शेवटचा असा सराव शर्यतीच्या १० ते १४ दिवस आधी उरकून घ्या. उन्हाची सवय व्हायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. त्या काळात रोज तासभर उकाड्यात हळू पळा.

जंगलातला नियम सरळ आहे: पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच जोर. चढ १५ टक्क्यांहून जास्त असेल तर चालाच, पावलं छोटी ठेवा, काठ्या असतील तर त्यांवर भार द्या. उतारावर नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढे हवी. गुडघे किंचित वाकलेले, पावलं आखूड आणि झपाझप. ओल्या मुळांवर पाय ठेवू नका. त्यांची साल साबणासारखी सटकते, ओलांडूनच जा. वाळलेल्या पानांचा थर असेल तिथे खाली दगड आहे की खड्डा ते दिसत नाही, म्हणून वेग आपणहून कमी करा. दाट झाडीत आणि घळीत घड्याळाचं जीपीएस भरकटतं, तेव्हा ते दाखवतंय त्या अंतरावर पाण्याचा हिशोब बांधू नका. बराच वेळ खुणेची फीत दिसली नाही तर शेवटच्या दिसलेल्या फितीपर्यंत परत या. ‘पुढे असेलच’ म्हणत गेलेला धावक हमखास एक जास्तीची टेकडी उतरतो.

मळ्यात चूक वेगळी होते. सगळ्या ओळी सारख्याच दिसतात आणि वळण एखादी ओळ आधीच घेतलं जातं. मधून आडवं जाता येत नाही, कारण वेलींच्या आधाराच्या तारा गुडघ्यापासून डोक्यापर्यंत ताणलेल्या असतात. ओळीच्या टोकापर्यंत मागे यावंच लागतं. मळ्यात शिरताना पुढचे दोन-तीन वळण-बिंदू आधीच बघून ठेवा. पाऊस झाला असेल तर चिकणमाती बुटाला थरावर थर चिकटते. मधल्या चाकोरीऐवजी कडेच्या गवतावरून पळा. तोडणीचा हंगाम असेल तर ट्रॅक्टरला वाट द्या, आणि वेलीवरची द्राक्षं तोंडात टाकू नका, त्यांवर फवारणी झालेली असू शकते.

जंगल संपून मळे सुरू होतात तिथल्या थांब्यावर ड्रॉप बॅग (आयोजकांकडे आधीच दिलेली आपल्या सामानाची पिशवी) ठेवता आली तर निम्मं काम झालं. तिच्यात कोरडे मोजे, मानेवर कापड असलेली टोपी, सनस्क्रीन, व्हॅसलीन, दुसरे बूट आणि एक रिकामी बाटली असू द्या. जंगलासाठी ४ ते ५ मिलिमीटर खोल नक्षीचे बूट पुरतात. त्याहून खोल नक्षी टणक रस्त्यावर तळव्यांना टोचते. बूट नेहमीपेक्षा अर्धा आकार मोठे घ्या, कारण तासागणिक पाय सुजतात आणि उतारावर नखं पुढे आपटतात. मोज्यात खडा किंवा चुरचुर जाणवली की तिथल्या तिथे थांबा. दोन मिनिटांचा आळस पुढे फोडाच्या रूपाने तास खातो.

खाण्याला दर तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं धरा. आतडं एकट्या ग्लुकोजचं साधारण एवढंच शोषू शकतं. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने शोषलं जातं, म्हणून दोन्हींचं मिश्रण असेल तर सरावाने ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. १६ तासांत जवळजवळ एक किलो भरतं, आणि तेवढी नुसती जेल (पाकिटातला घट्ट साखरेचा पाक) कोणाच्याच पोटात जात नाहीत. उकडलेला बटाटा आणि मीठ, केळं, ब्रेड आलटून-पालटून घ्या. जेलवर साधं पाणी प्या. त्यावर साखरेचं पेय घेतलं तर घट्टपणा वाढून पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि मळमळ सुरू होते. उन्हात रक्त त्वचेकडे आणि स्नायूंकडे वळतं, पोटाला कमी मिळतं. तेव्हा भरीव खाणं जंगलातच उरकून घ्या, मळ्यात द्रव आणि जेलवर राहा. मळमळ झालीच तर १५ मिनिटं चाला, मानेवर गार पाणी ओता, मग घोट-घोट सुरू करा.

घाम किती येतो ते सरावात मोजा. तासाभरात वजन ७०० ग्रॅम घटलं आणि ४०० मिली प्यायलात, तर घाम १.१ लिटर. सगळा भरून काढायचा नसतो, तहानेप्रमाणे प्या. बोटं सुजली, डोकं जड झालं आणि वजन सुरुवातीपेक्षा वाढलं असेल, तर रक्तातलं सोडियम घसरल्याची शंका घ्या. पाणी थांबवा आणि वैद्यकीय पथकाकडे जा. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन घेऊ नका, पाणी कमी झालेल्या शरीरात ते मूत्रपिंडांना महागात पडतं. थांब्यावर वाइन मिळते तेव्हा मोह होतो. फ्रान्समधली मेदोक मॅरेथॉन तर त्यासाठीच ओळखली जाते, पण ती ४२ किलोमीटरची. अल्ट्रात अजून उतार बाकी असताना तोल बिघडवण्यात शहाणपण नाही.

शेवट अंधारात होणार असेल तर झाडीत दिवस बाहेरच्यापेक्षा लवकर मावळतो हे धरून हेडटॉर्च हाताशी ठेवा. चढावर मंद, उतारावर पूर्ण उजेड. बॅटरी त्यानेच पुरते.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. गुडघ्यामागे, जांघेत आणि काखेत गोचिडी तपासा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. आणि बूट पिशवीत टाकण्याआधी माती ब्रशने पूर्ण काढा. १९व्या शतकात युरोपातले मळे उजाड करणारा फायलोक्सेरा नावाचा मुळांवरचा कीटक बुटाला लागलेल्या मातीतूनही एका बागेतून दुसरीत जातो, म्हणून काही द्राक्षप्रदेशांत बूट निर्जंतुक केल्याशिवाय बागेत पाऊल ठेवू देत नाहीत.