शब्द एका दप्तरात, चाल दुसऱ्या: स्कॉटलंडच्या हस्तलिखित गाण्यांकडे वळणाऱ्यांसाठी

स्कॉटलंडच्या ऐतिहासिक गाण्यांवर काम करण्याची इच्छा असलेले विद्यार्थी विचारणा करतात, तेव्हा त्यांच्या प्रश्नांत एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली असते: हस्तलिखित उघडले की गाण्याचे शब्द आणि त्याची चाल एकत्र हाती लागेल. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. सतराव्या शतकातील बाडांत वादनासाठी उतरवलेल्या चाली असतात, पण त्यांच्याखाली बहुधा शब्द नसतात. अठराव्या शतकातील कथागीतांच्या वह्यांत कडव्यांमागून कडवी असतात, पण ती कोणत्या चालीवर म्हणत, याची नोंद बहुतेक वेळा नसते. या दोहोंचे नाते पुराव्यानिशी ठरवणे हे या विषयातले मुख्य काम आहे. एडिंबरोत शिकताना आणि पुढे तेथील दप्तरे चाळताना मला जे उमगले, ते नव्याने येणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे.

‘फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट’ या विलापगीतापासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण ते ऐकून माहीत असलेले लोक पुष्कळ आहेत. त्यात शोक आहे तो स्कॉटलंडने इंग्लंडकडून हरलेल्या फ्लॉडनच्या लढाईचा, आणि ती लढाई १५१३ मधली. चालीचा सर्वांत जुना परिचित लेखी पुरावा मात्र स्कीन हस्तलिखितात, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका बाडात मिळतो. मँडोर नावाच्या लहान तंतुवाद्यासाठी लिहिलेले हे बाड हॅलयार्ड्सच्या स्कीन घराण्यात राहिले आणि त्या घराण्याकडूनच एडिंबरोच्या वकीलमंडळाच्या ग्रंथालयात आले. आज सर्वत्र गायले जाणारे शब्द जीन इलियट या कवयित्रीचे, अठराव्या शतकातले, आणि तेही आधी निनावी प्रसिद्ध झालेले. घटना, चाल आणि शब्द यांचे काळ असे एकमेकांपासून शतकाशतकाच्या अंतरावर आहेत. हे न पाहता ‘१५१३ चे गाणे’ असे लिहिणारे लेख आजही सापडतात. माझा नव्या अभ्यासकाला आग्रह आहे की, प्रत्येक गाण्यासाठी या तीन तारखा वेगळ्या लिहाव्यात आणि ज्या तारखेला पुरावा नाही ती जागा सरळ कोरी ठेवावी.

बाड कोणाचे होते, हे कळले की अर्धे काम होते. लेडी मार्गारेट वेम्स या मुलीने १६४३ मध्ये, जेमतेम बारा-तेरा वर्षांची असताना, एक वही सुरू केली आणि तिच्यात ल्यूट या तंतुवाद्यावर वाजवायच्या रचनांबरोबर कविताही उतरवून घेतल्या. वेम्स घराणे फाइफ प्रांतातले. पण ही वही शोधायची तर जावे लागते सदरलंड घराण्याच्या कागदपत्रांकडे, कारण मार्गारेट तरुणपणीच वारली आणि तिची बहीण जीन ही सदरलंडच्या अर्लची, म्हणजे तिथल्या उमरावाची, पत्नी होती. आज ती वही स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेव म्हणून आहे. मुलींच्या आणि स्त्रियांच्या वह्या माहेरच्या नावाने शोधल्या तर बऱ्याचदा हाती लागत नाहीत. लग्नसंबंध, वारसाहक्क आणि मृत्युपत्रे यांच्या वाटेने त्या दुसऱ्याच घरात जातात. म्हणून गाण्यांच्या अभ्यासकाने वंशावळी वाचायला कंटाळू नये. शिवाय घराण्याच्या हिशेबाच्या वह्याही पाहाव्यात: संगीतशिक्षकाला दिलेले मानधन, वाद्याच्या तारांचा खर्च, लिहिण्याच्या कागदाची खरेदी अशा नोंदींवरून घरात गाणे कधी आणि कोणाकडून शिकले जात होते, याचा अदमास बांधता येतो.

आता वाचनकौशल्याविषयी. सोळाव्या आणि सतराव्या शतकातील कागद ‘सेक्रेटरी हँड’ नावाच्या वळणदार लिपीत असतात. तिच्यातले ई, आर आणि एच आजच्या अक्षरांसारखे मुळीच दिसत नाहीत, आणि जुना ‘योग’ हा वर्ण तर झेडसारखा दिसून चांगलाच चकवतो. ज्याने पुण्यात मोडीचा वर्ग केला आहे, त्याला या लिपीची भीती वाटू नये. शब्द तोडून न पाहता हाताच्या ओघाबरोबर वाचण्याची सवय दोन्हीकडे तीच लागते. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने जुने हस्ताक्षर शिकवणारे धडे संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत, ते भारतातूनच पूर्ण करून यावे. स्कॉट्स या इंग्रजीच्या जवळच्या स्थानिक भाषेचा मोठा कोशही संकेतस्थळावर खुला आहे. तारखांबाबत एक खूणगाठ बांधावी: स्कॉटलंडने वर्षारंभ २५ मार्चवरून १ जानेवारीवर १६०० मध्ये आणला, इंग्लंडने १७५२ मध्ये; त्यामुळे दोन राज्यांतल्या पत्रांवर फेब्रुवारीतल्या एकाच दिवसाचे साल वेगवेगळे दिसू शकते.

ल्यूटची लेखनपद्धती शिकायला फार वेळ लागत नाही. त्यातल्या रेघा म्हणजे वाद्याच्या तारा. रेघेवर ‘ए’ असेल तर ती तार मोकळी छेडायची, ‘बी’ असेल तर पहिल्या पडद्यावर बोट ठेवायचे, ‘सी’ असेल तर दुसऱ्या. वरच्या बाजूच्या छोट्या झेंड्यांसारख्या खुणा कालमान सांगतात. म्हणजे येथे स्वर लिहिलेला नसतो, बोट कोठे ठेवायचे ते लिहिलेले असते. तार कशी जुळवली होती हे चुकले की सारी चालच चुकते. गाणाऱ्याची चाल वादनाच्या नटवणुकीतून सोडवून घेताना कोणता स्वर मूळचा आणि कोणता वादकाने भरलेला, हा निर्णय अभ्यासकाचा असतो. तो निर्णय आहे, नोंद नव्हे, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे.

शब्दांच्या बाजूचे सर्वांत शिकवणारे उदाहरण ॲना गॉर्डन ब्राउन (१७४७–१८१०) यांचे आहे. ॲबर्डीनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापकाची ही मुलगी; आई, मावशी आणि घरातली दाई यांच्याकडून लहानपणी ऐकलेली कथागीते तिला तोंडपाठ होती. १७८३ च्या सुमारास तिच्या भाच्याने ती उतरवून घेतली. विल्यम टायटलर या विद्वानाला चालीही हव्या होत्या, म्हणून पंधरा गीतांची दुसरी वही चालींसह तयार झाली आणि ती टायटलरांच्या वंशजांकडे, ऑल्डूरी किल्ल्यातील कौटुंबिक कागदपत्रांत राहिली. चाली लिहिणारा भाचा संगीतात नवखा होता. त्यामुळे तेथे चाल आणि शब्द एकत्र असूनही चालीवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. १८०० मध्ये लेखक वॉल्टर स्कॉट यांच्या कथागीतसंग्रहासाठी तिच्याकडून आणखी गीते घेण्यात आली, तेव्हा ‘द लास ऑफ रॉक रॉयल’ या कथागीताचा पाठ १७८३ च्या पाठाहून बराच निराळा निघाला. ती दर वेळी गीत नव्याने बांधत होती, की तिला दोन पाठ ठाऊक होते, यावर अभ्यासकांचा वाद आजही चालू आहे. मला त्यातून मिळालेला धडा असा की, ‘शुद्ध मूळ पाठ’ शोधण्याच्या मागे लागण्यापेक्षा कोणी, कोणासाठी आणि कोणत्या साली लिहून घेतले, ते प्रत्येक पाठावर आधी नोंदवावे.

गेलिक या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या व बेटांवरच्या वेगळ्या भाषेकडे जायचे असेल तर तयारी वेगळी लागते. सोळाव्या शतकातील लिझमोरच्या डीनचे (चर्चच्या अधिकाऱ्याचे) पुस्तक आणि १६८८ नंतर लिहिलेले फर्नेग हस्तलिखित या दोन्हींत गेलिक शब्द स्कॉट्सच्या धाटणीच्या स्पेलिंगने लिहिलेले आहेत. नुसत्या डोळ्यांनी वाचून अर्थ लागत नाही, मोठ्याने म्हणून पाहावे लागते. चालींच्या बाजूला एलिझाबेथ रॉस हिचे १८१२ चे हस्तलिखित आहे, आणि माझी त्यावर विशेष माया आहे. रासे बेटावरील मॅकलाउड सरदारांच्या घरात वाढलेल्या या मुलीने तेथे ऐकलेल्या दीडशेच्या आसपास चाली लिहून ठेवल्या, त्यांत बॅगपाइप वाजवणाऱ्या जॉन मॅकाय याच्या वादनाचाही समावेश आहे. ती पुढे भारतात आली आणि पाटण्यातील देखाव्यांची चित्रे काढणाऱ्या चार्ल्स डॉयली या कंपनी-अधिकाऱ्याशी तिचा विवाह झाला. एडिंबरो विद्यापीठातील संपादकांनी त्या चालींना इतर संग्रहांतले शब्द कसे ताडून पाहिले, ते वाचणे म्हणजे या कामाचा उत्तम वस्तुपाठ आहे.

ईशान्य स्कॉटलंडसाठी ॲबर्डीनला जावे. शाळामास्तर गॅव्हिन ग्रेग आणि पाद्री जेम्स डंकन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जमवलेला संग्रह १९८१ ते २००२ या काळात आठ खंडांत छापला गेला. त्यात बेल रॉबर्टसन या बाईने जवळजवळ ४०० गीतांचे शब्द दिले आहेत. ती स्वतः गात नसे. ॲबर्डीनच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये या परंपरेचा अभ्यास होतो. हे नाव मुंबईच्या गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नसून विद्यापीठाचे संस्थापक बिशप विल्यम एल्फिन्स्टन यांचे आहे.

कार्यपद्धतीबद्दल थोडे. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या वाचनकक्षात फक्त पेन्सिल चालते, आणि छायाप्रत उपलब्ध असेल तर मूळ प्रत सहसा मिळत नाही; मूळ का पाहायची आहे, याचे कारण सांगता आले पाहिजे. अभिलेखागारात घराण्यांची दप्तरे ‘जीडी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकांखाली आहेत. तेथील सूचीत ‘गाणे’ हा शब्द शोधून थांबू नये. ‘किरकोळ पद्ये’, ‘संकीर्ण कागद’ अशा नोंदींखालीच बरेच दडलेले असते. अजूनही खासगी मालकीत असलेल्या कागदपत्रांची पाहणी १९४६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय नोंदवहीत मिळते, आणि मालकाकडे विनंती तिच्यामार्फतच करावी लागते. त्या पत्रात ‘जुनी गाणी पाहायची आहेत’ एवढे लिहून भागत नाही: सूचीतला क्रमांक, कागदाचे वर्ष, त्या गाण्याचे इतरत्र माहीत असलेले पाठ आणि तुम्हाला नेमके काय ताडून पाहायचे आहे, हे सारे थोडक्यात द्यावे, आणि उत्तराला लागणारा वेळ धरून प्रवासाची तिकिटे त्यानंतरच काढावीत.