तीन शब्द, एकच ‘वेट’? इंग्रजी शिकताना या चुका टाळा

परभणीत माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या आठवी-नववीच्या पोरांची इंग्रजीची पुस्तकं उघडली, की शब्दांवर पेन्सिलीनं लिहिलेले मराठी उच्चार दिसतात. पहिली चूक तिथंच होते. डब्ल्यू-ई-टी म्हणजे ओलं, डब्ल्यू-ए-आय-टी म्हणजे थांबणं, डब्ल्यू-ई-आय-जी-एच-टी म्हणजे वजन. पेन्सिलीनं तिन्हींवर ‘वेट’च लिहिलेलं! मानवतच्या बाजारात कापूस ओला आहे म्हणायचंय की त्याचं वजन सांगायचंय, हे ऐकणाऱ्याला कळायला नको?

थांबणं आणि वजन यांचा उच्चार खरोखर सारखाच आहे. ओलं म्हणताना ‘ए’ आखूड ठेवा, जबडा हलू देऊ नका. वजनातला ‘ए’ मात्र ‘इ’कडे सरकतो, साधारण ‘वेइट’ असा. आरशासमोर म्हणून बघा, जबडा किंचित मिटताना दिसतो. मिरीचा ‘पेपर’ ओल्यासारखा म्हणा, वर्तमानपत्राचा वजनासारखा.

दुसरी चूक आपल्या मराठीच्या वळणातून येते. तीन, खीर, गरीब, फूल अशा शब्दांत शेवटच्या अक्षराआधीचा इकार-उकार आपण दीर्घ करतो. तीच सवय इंग्रजीत गेली, की ‘शिप’ म्हणजे जहाज, त्याची ‘शीप’ म्हणजे मेंढी होते. ‘फुल’ म्हणजे भरलेलं, त्याचं ‘फूल’ म्हणजे मूर्ख. नुसतं लांबवून किंवा तोडून भागत नाही. मेंढीला ओठ ताणले जातात, जीभ वर जाते. जहाजाला तोंड सैल राहतं. गालांवर बोटं ठेवली की फरक हाताला लागतो.

शब्दांच्या गोंधळात सगळ्यात जास्त ऐकू येतं ते ‘बॉरो मी युअर पेन’. आपण उसनं देतो आणि उसनंच घेतो, म्हणून दोन्हीकडे एकच शब्द वापरावासा वाटतो. इंग्रजीत देणारा ‘लेंड’ करतो, घेणारा ‘बॉरो’. पेन मागायचा तर ‘लेंड मी युअर पेन’.

‘थर्टीन’ म्हणताना जोर ‘टीन’वर द्या, ‘थर्टी’ म्हणताना ‘थर’वर. भाव सांगताना तेराचे तीस होत नाहीत.

मीही कितीतरी वर्षं फळ्यावर मराठी उच्चारच लिहून दिले, त्याचं आज वाईट वाटतं. आता वहीत दोन रांगा करायला लावते. एका रांगेत ओल्याच्या सुराचे शब्द, दुसरीत वजनाच्या सुराचे, सगळे इंग्रजी अक्षरांतच. मोबाइलमधल्या शब्दकोशात स्पीकरचं चिन्ह दाबायचं, ऐकायचं, मोठ्यानं म्हणायचं आणि मगच शब्द त्याच्या रांगेत लिहायचा.