बॉक्सर किती मोठा ते ठरवायचंय? आधी पेन्सिल घ्या

आमच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी तोच वाद पेटतो, बॉक्सर मेवेदर ५०-० आहे, म्हणजे पन्नास विजय, पराभव शून्य, विषय संपला. अरे संपला कसा? रेकॉर्डचा आकडा आंब्याच्या पेटीसारखा असतो, वरचा थर बघून घेतलीत की घरी गेल्यावर खाली काय निघेल नेम नाही. मी स्वतः कित्येक वर्षं वरचा थर बघूनच भांडायचो. आता काय करतो ते सांगतो.

बॉक्सरेक या रेकॉर्डच्या वेबसाइटवर बॉक्सरचं पान उघडा आणि वरचा एकूण आकडा हाताने झाका, खरंच झाका. मग एकेक फाईट वाचत खाली या आणि प्रत्येक वेळी एवढंच बघा की समोरच्याचं तेव्हा वय काय, त्याच्या आधीच्या चार-पाच फाईट्स कशा गेलेल्या आणि वजन कोणाच्या सोयीचं होतं. मेवेदरची पन्नासावी फाईट बघा, ऑगस्ट २०१७, समोर मॅकग्रेगर, ज्याची प्रोफेशनल बॉक्सिंगमधली ती पहिलीच. लिंबूटिंबू पण नाही, एमएमए या दुसऱ्या खेळातून आलेला पाहुणा! पण त्याच यादीत जानेवारी २००१ ला कोराल्स आहे, तोवर एकदाही न हरलेला, आणि त्याला मेवेदरने पाच वेळा खाली पाडलाय. ५०-० मध्ये दोघांची किंमत सारखीच, एक-एक.

हेवीवेट चॅम्पियन मार्सियानोचं ४९-० पण असंच वाचा. १९५१ ला त्याने माजी चॅम्पियन जो लुईला आठव्या राउंडला दोरांतून बाहेर पाडलं, फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो, पण लुई तेव्हा ३७ चा आणि टॅक्सची थकबाकी फेडायला रिंगमध्ये उभा. माझ्या मते खरा मार्सियानो बघायचा तो सप्टेंबर १९५२ चा, वॉलकॉटसमोर. पहिल्याच राउंडला स्वतः खाली पडला, बारा राउंड झाल्यावर तिन्ही जजेसच्या गुणांच्या कार्डवर मागे, आणि तेराव्यात एकच उजवा ठोसा, विषय खल्लास. वॉलकॉटही ३८ चा होता म्हणा, पण तो चालू चॅम्पियन होता.

आता पेन्सिल. जिथे माणसाचे पाय मंदावले असं वाटतं तिथे यादीवर आडवी रेघ मारायची. पहिला पराभव म्हणजे रेघ नाही हां, जे ठोसे आधी सहज चुकवायचा ते आता बसायला लागले की रेघ, आणि त्यासाठी व्हिडिओ बघावाच लागतो, आवाज बंद करून, कारण कॉमेंट्रीवाले आपल्या डोळ्यांत धूळ फेकतात. रेघेच्या वरचं, म्हणजे आधीचं, सगळं मोजायचं. रेघेच्या खालचे, म्हणजे नंतरचे, पराभव सोडून द्यायचे, विजय मात्र धरायचे. शुगर रे रॉबिन्सन घ्या, १९४० ते १९६५, जवळपास २०० फाईट्स, १९ पराभव. नवखा माणूस १९ बघून नाक मुरडतो. पण त्यातले १६ पराभव निवृत्तीनंतर १९५५ ला परत आल्यानंतरचे आहेत! आणि त्याच खालच्या भागात मे १९५७ ला शिकागोत चालू चॅम्पियन फुलमरला डाव्या हुकने झोपवलेलं आहे, तेव्हा हा ३५ चा.

पण किती वर्षं खेळला याचे वेगळे मार्क द्यायचे नाहीत, इथेच लोक फसतात. फोरमन ४५ व्या वर्षी हेवीवेट चॅम्पियन झाला, नोव्हेंबर १९९४, लास वेगास. अलीकडून १९७४ ला हरला तेव्हाचीच लाल चड्डी घातलेली, आणि कोपऱ्यात ट्रेनर अँजेलो डंडी, जो तेव्हा अलीच्या कोपऱ्यात होता. नऊ राउंड चालू चॅम्पियन मूरर त्याला मारत होता आणि दहाव्यात एक छोटासा सरळ उजवा हात गेला की मूरर आडवा. अंगावर काटा येतो, मान्य. पण १९८७ ला परत आल्यापासूनच्या त्या सात वर्षांत लिंबूटिंबू किती होते तेही वाचा, आणि होलीफिल्ड, मॉरिसन समोर आले तेव्हा तो हरलाच. हॉपकिन्सचं म्हातारपण मला जास्त भारी वाटतं. ४६ व्या वर्षी माँट्रियलला पास्कलच्या घरात जाऊन त्याला हरवलं, एका राउंडच्या आधी तर पास्कल यायच्या आत याने रिंगमध्ये पुशअप्स मारून दाखवले. मग ४८ ला क्लाउड, ४९ ला शुमेनोव्ह, हे तिघंही बेल्टवाले, म्हणजे चालू चॅम्पियन होते, कोणी बोलावून आणलेला बकरा नव्हता.

ज्याला वेळच मिळाला नाही त्याचं काय? फेदरवेट चॅम्पियन साल्वादोर सांचेझ २३ व्या वर्षी कार अपघातात गेला, ४४ विजय, एक पराभव, एक बरोबरी. जे केलं तेवढंच मोजा, पुढची वर्षं मनाने भरू नका. गोमेझ आणि नेल्सन या मोठ्या बॉक्सरांना हरवलंय, तेवढं पुरतं.

आणि पेनऐवजी पेन्सिल का, तर रॉबर्टो ड्युरानमुळे. १९८० ला लेनर्डसमोर मध्येच फाईट सोडली, मी तिथे रेघ मारली. १९८३ ला वाढदिवसाच्या दिवशी डेव्ही मूरला ठोकलं, खोडली. १९८४ ला हर्न्सने दुसऱ्या राउंडलाच झोपवलं, परत मारली. आणि फेब्रुवारी १९८९ ला, वय ३७, त्या हर्न्सलाच हरवून आलेल्या बार्कलीला अकराव्या राउंडला खाली पाडून हा मिडलवेटचा बेल्ट घेऊन गेला. ते पान माझ्याकडे आता खोडून खोडून फाटलंय.